दोनची भरती

हॉटेलच्या दारात माझी बॅग घ्यायला जो माणूस पुढे आला तो माझा सख्खा भाऊ होता. त्याने मान झुकवली आणि म्हणाला, "वेलकम, मॅडम."

कमरेला चौकड्याचा रुमाल, अंगात कडक इस्त्रीची बंडी, डोक्यावर लाल टोपी आणि हातात निळं-पिवळं रंगवलेलं वल्हं. आमच्या घरात वल्ह्याला कधी कुणी रंग लावला नव्हता. पन्नाशी ओलांडलेला परशुरामदादा मुंबईच्या पाहुण्यांसाठी असा नटून उभा होता आणि त्याला त्याचं काही वाटतही नव्हतं. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"बॅगेला हात लावू नकोस," मी म्हटलं. "माझी मला उचलता येते."

"जशी आपली मर्जी," असं म्हणून तो बाजूला झाला.

तीन वर्षं आम्ही एकमेकांशी बोललो नव्हतो. तीन राख्या मी बांधल्या नव्हत्या आणि उद्याची चौथी बांधायला काही इथे आले नव्हते. मी भांडायला आले होते. दिवसभर टेलिफोन एक्स्चेंजमध्ये बसून मी अनोळखी माणसांशी गोड बोलते, त्याचा सगळा कडूपणा घरच्यांच्या वाट्याला येतो असं माझा नवरा उत्तम म्हणतो. तो खोटं बोलत नाही. निघताना त्याने विचारलं, "कल्याणला माहेर असताना हॉटेलात कशाला उतरतेस?" मी म्हटलं, "कारण माहेरच आता हॉटेल झालंय."

कल्याणच्या खाडीवर लाकडाची एक जुनी वखार होती. हातभर जाडीच्या दगडी भिंती, आणि समोर थेट पाण्यात उतरणाऱ्या पायऱ्यांचा धक्का. एके काळी इथे गलबतं लागायची. वखारीचा व्यापारी गेला तेव्हा ती आमच्या पणज्याकडे आली. राहतं घर कोळीवाड्यातच, पण आम्ही हिच्यात जाळी ठेवायचो आणि बाहेरच्या ओट्यावर सुकट वाळवायचो. पुढे कारखान्यांचं पाणी खाडीत आलं, बोई मासळीला रॉकेलचा वास यायला लागला आणि दादाचा धंदा बसला. आमचे वडील, गोमाजी, गेल्यावर वर्षभरात त्याने वखार आणि धक्का पोपटशेठ नावाच्या डोंबिवलीच्या बिल्डरला विकून टाकला. माझी सही मागायला तो स्वतः आला नाही, वकिलाच्या माणसाला पाठवलं. मी रागाच्या भरात सही केली आणि कागद त्या माणसाच्या अंगावर फेकले. त्या दिवसापासून मी माहेरचा उंबरा ओलांडला नव्हता. आईला, म्हणजे जनाबाईला, भेटायचे ती मासळीबाजारात, तिच्या पाटीपाशी.

पोपटशेठने वखारीच्या आठ खोल्या केल्या, कंदील टांगले, 'बंदर व्हिला' नाव दिलं, आणि धक्क्याला लोखंडी फाटक लावलं. फाटकाच्या आत फक्त उतरलेले पाहुणे. हे सगळं मी गिळलं असतं. पण आठवड्यापूर्वी पेपरात त्यांची जाहिरात पाहिली: 'ऐतिहासिक बंदरात एक रात्र. नारळी पौर्णिमा विशेष. परंपरेचा पहिला नारळ, संध्याकाळी पाच वाजता, चहासह.'

चहासह!

हा पहिला नारळ म्हणजे काय ते सांगायला हवं. पौर्णिमेला संध्याकाळी आमच्या कोळीवाड्यात पालखी निघते, बँड लागतो, घरोघरचे नारळ खाडीला जातात. पण त्याआधी दुपारच्या भरतीला एक नारळ जातो, तो या धक्क्यावरून आणि आमच्या घरच्या पुरुषाच्या हातून. त्याला वाजंत्री नाही की गर्दी नाही. तो गेला की वाड्यात निरोप जातो आणि मगच बाकीचे होड्यांना हळद लावतात. वखार आमची होण्याआधीपासूनचा, सात पिढ्यांचा हा आमचा मान. तो कागदावर कुठे लिहिलेला नाही, म्हणून विकताही येत नाही. मात्र जाऊ शकतो. एका वर्षी दुसऱ्या कुणाचा नारळ भरतीला आधी गेला की मान त्याचा झाला. वाड्यातल्या बायजाकाकीच्या सासरी पालखीला पहिला खांदा देण्याचा मान होता. एका साली घरातला पुरुष तापाने पडला आणि शेजाऱ्याने खांदा दिला. तेव्हापासून ते घर पालखीच्या मागून चालतं.

दादाने वखारीपाठोपाठ हेही विकलं, एवढाच त्या जाहिरातीचा अर्थ मला लागला. आईला विचारलं नाही. तिने मला अडवलं असतं. मी रजा टाकली, खोली घेतली आणि ठरवलं की दादाला गाठायचं, चार लोकांत त्याची लाज काढायची, आणि शेठच्या हातात नारळ जाऊ द्यायचा नाही.

माझ्या खोलीचं नाव 'मचवा' होतं. शेजारची 'गलबत', त्यापुढची 'पडाव'. पलंगावर टॉवेलाचं बदक करून ठेवलेलं. भिंतीवर आमच्यासारखंच एक जाळं ताणून लावलं होतं आणि त्याला फिनेलचा वास येत होता. खिडकी उघडायला गेले तर काउंटरवरची मुलगी धावत आली. "मॅडम, विंडो ओपन नका करू ना, खाडीचा स्मेल येतो. गेस्ट कम्प्लेंट करतात."

"मी या स्मेलमध्येच जन्मले," मी म्हटलं. तिला वाटलं मी गंमत करते आहे. ती हसली आणि खिडकी लावून गेली.

संध्याकाळी दादा जिन्यापाशी एकटा सापडला. वल्हं भिंतीला टेकवून टोपीने घाम पुसत होता.

"बाबांनी याच्यासाठी शिकवलं होतं तुला पाणी?" मी म्हटलं. "या लोकांसमोर बाहुला होऊन उभं राहायला?"

त्याने काउंटरकडे पाहिलं. ती मुलगी फोनवर बोलत होती, पण कान आमच्याकडे होते.

"मॅडम, जेवण साडेआठला लागेल," तो मोठ्याने म्हणाला. मग आवाज खाली आणून, "मालन, ऐक जरा. उद्या दोनला जेवायला बसू नको. खाली..."

"तू मला जेवायला कधी बसायचं ते सांगणार? वखार खाल्लीस, धक्का खाल्लास, आता घराचा मान चहाबरोबर बिस्किटासारखा वाटतोयस. आणि मी जेवायला कधी बसायचं?"

"हळू बोल ना गं."

"का हळू बोलू? तुझी नोकरी जाईल? जाऊ दे. निदान ती टोपी तरी उतरेल."

त्याचा चेहरा कसा झाला ते मला चांगलं आठवतं. तेव्हा ते बघून मला बरं वाटलं होतं. काही बोलायला त्याने तोंड उघडलं, तेवढ्यात शेठ जिन्यावरून उतरले. दादाने वल्हं उचललं आणि दाराकडे गेला. मी खोलीत येऊन त्या बदकाची घडी मोडली.

सकाळी नाश्त्याला वीसेक पाहुणे होते. एक गोरं जोडपं, दोन-तीन कंपनीवाले, बाकी दादर-पार्ल्याची मराठी कुटुंबं. आंबोळी खात ते बंदराच्या गप्पा मारत होते. पोपटशेठ टेबलाटेबलांवरून फिरत होते. पांढरा सफारी, बोटांत अंगठ्या, आणि प्रत्येकाशी जुनी ओळख असल्यासारखं बोलणं. माणूस वाईट नव्हता. मला तो मुळीच आवडत नव्हता, पण वाईट नव्हता हे खरं.

"काय ताई, झोप लागली ना? आज पाचला खाली यायचं बरं का. नारळाचा प्रोग्राम. एकदम ओरिजिनल." त्यांनी लांब उभ्या असलेल्या दादाच्या दिशेने हात केला. "हा आमचा परशुराम. खाडीचा राजा! पाण्याची सगळी नॉलेज याला. पाचचं टायमिंग पण त्यानेच दिलंय. बोलला, शेठ, पाचला उजेड मस्त असतो, फोटो झकास येणार."

पाहुण्यांनी कौतुकाने दादाकडे पाहिलं. दादाने खाली मान घातली. गोऱ्या बाईने त्याचा फोटो काढला.

खाडीचा राजा म्हणे. माझ्या जिभेवरचा ताबा सुटला.

"पाचला?" मी सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हटलं. "पाचला तुमच्या धक्क्यासमोर गुडघाभर चिखल असेल, शेठ. नारळ टाकाल तर तो थपकन चिखलात बसेल आणि वर चिखलातले निवटे मासे उड्या मारतील. पौर्णिमेची भरती कधी असते हे कोळ्याच्या शेंबड्या पोराला कळतं. मुंबईत बाराला पाणी भरतं, इथे आत चढायला दोन वाजतात. वरून तिसऱ्या पायरीला पाणी लागतं आणि थांबतं. पानाएवढंही हलत नाही. तेव्हा पहिला नारळ टाकायचा. आधी नाही, नंतर नाही. तुमच्या राजाला एवढंही ठाऊक नाही, की विसरला? टोपी घातली की डोकं चालत नसेल."

कुणीतरी हसलं. मग बरेच जण हसले. माझ्या जिवाला थंड वाटलं, तीन वर्षांत वाटलं नव्हतं असं.

शेठच्या चेहऱ्यावरचं हसू तसंच राहिलं, फक्त डोळे बदलले. "काय रे परशुराम? ताई बोलतात ते खरं?"

दादा माझ्याकडे पाहत होता. त्या पाहण्यात राग नव्हता. ते मला तेव्हा खटकलं, पण मी तिकडे लक्ष दिलं नाही.

"हो शेठ," तो म्हणाला. "चूक झाली माझी."

"अरे, वाट लावली असतीस माझी! एवढे गेस्ट, फोटोग्राफर, आणि चिखलात नारळ?" शेठनी घड्याळ पाहिलं आणि टाळी वाजवली. "चला, नो प्रॉब्लेम. प्रोग्राम दोनला. जेवण तीनला लावा. फोटोग्राफरला फोन करा, बोलवा त्याला आत्ता. थँक यू हां ताई. तुम्ही होता म्हणून. तिसरी पायरी बोललात ना?"

माझा समज होता की कार्यक्रमाचा फज्जा उडाला की शेठ तो रद्द करतील. पाचचं दोन होईल हे डोक्यातच आलं नव्हतं. तरी मी मनाची समजूत घातली: चला, दादाचं पितळ तरी उघडं पडलं. आता दोनला धक्क्यावर जाऊन उभी राहते, बघू शेठ कसा नारळ टाकतो.

दोन वाजत आले तेव्हा खाली गेले. फाटकातून दिसणारं पाणी वर चढत होतं. पायऱ्यांवर सतरंजी घातली होती, झेंडूच्या माळा सोडल्या होत्या. स्टीलच्या ताटात सोनेरी कागद लावलेला नारळ. सगळे पाहुणे आधीच येऊन जागा धरून बसले होते. गर्दीतून पुढे जायला वाट मिळेना, म्हणून मी स्वयंपाकघराच्या बाजूने वळसा घातला. मागच्या दाराने गेलं की धक्क्याच्या कोपऱ्यावर निघता येतं हे मला लहानपणापासून ठाऊक होतं.

मागच्या दारात आई उभी होती.

काष्टा घातलेलं हिरवं लुगडं, कपाळाला ठसठशीत कुंकू, अनवाणी. दोन्ही हातांत नव्या खणात गुंडाळलेला नारळ छातीशी धरलेला. शेजारी दादा. त्याने टोपी आणि बंडी काढून ठेवली होती आणि अंगावर बाबांचा जुना सदरा चढवला होता. तो तिला परत जायला सांगत होता, आणि ती ऐकत नव्हती.

"यवरी मानसा कशाला जमलीत रं?" आई विचारत होती. "तू बोल्ला व्हतास का दोनला समदी जेवाला बसतीत. शेट झोपतो. मागल्या दारानं ये. गेल्या दोन सालां तं कोनी नवता."

मी जागच्या जागी उभी राहिले. सगळं एकदम कळलं, आणि कळलं नसतं तर बरं झालं असतं.

वखार विकल्यानंतरही मान गेलाच नव्हता. दर वर्षी पाहुणे जेवायला बसले की आई मागच्या दाराने यायची आणि दादा भरतीला पहिला नारळ टाकायचा. यंदा शेठच्या डोक्यात कार्यक्रम आला, तेव्हा दादाने त्याला पाचची वेळ दिली. टाकू दे सोनेरी नारळ चिखलात, काढू दे फोटो. पाचच्या नारळाला आमच्यात कोण विचारतो? दोनची भरती घराची राहिली असती. काल जिन्यापाशी तो मला हेच सांगत होता. जेवायला बसू नको, खाली ये.

आईने मला पाहिलं. "मालन? तू कवा आलीस?" आणि तिचा चेहरा उजळला. "बरा केलास. यंदा तू बी हायस."

धक्क्यावरून शेठचा आवाज आला. "परशुराम! अरे कुठे आहेस? पाणी आलं तिसऱ्या पायरीला!"

दादा हलला नाही. पायऱ्यांवर इतके लोक होते की पाण्यापर्यंत जायला वाट नव्हती. त्याने आईच्या हातातला नारळ घेतला, दोन पावलं पुढे गेला, एका पाहुण्याने त्याला ढकलून मागे केलं. "अरे भाई, फोटो में आ रहा है, हट ना." मी पुढे घुसले. "थांबा!" असं ओरडले. खरंच ओरडले. पण तेवढ्यात फोटोग्राफरने "रेडी" म्हटलं, माणसं टाळ्या वाजवायला लागली आणि माझा आवाज त्यात गेला.

पाणी थांबलं होतं. शेठनी ताटातला नारळ उचलला, कॅमेऱ्याकडे पाहिलं आणि खाडीत सोडला. त्याने एक गिरकी घेतली आणि पाणी उलटायला लागलं तसा तो अलगद खाडीच्या पुलाकडे निघाला. सोनेरी कागद उन्हात चमकत होता. शेठनी गर्दीतून मला शोधलं आणि अंगठा वर केला. आईने ते पाहिलं नाही, ती पाण्याकडे पाहत होती.

टाळ्या संपल्या. पाहुणे जेवायला वळले. आई दारातून पुढे आली. तिने दादाच्या हातातून नारळ काढून घेतला आणि खणाचं टोक नीट केलं.

"येल कोनी सांगली शेटला?" तिने विचारलं.

मी तोंड उघडलं. एवढं एक वाक्य बोलायचं होतं. सकाळी वीस माणसांसमोर बोलताना मला एकदाही अडखळायला झालं नव्हतं.

"मीनी सांगली," दादा म्हणाला.

आईने त्याच्याकडे पाहिलं. "वखार इकलीस तवा मी काय बोल्ली नाय. पोट हाय, बोल्ली. नाचाला उबा रायलास, तवा बी नाय बोल्ली. आज मना कललं, तुज्यात घरचा काय बी रायला नाय." ती ओरडली नाही, रडली नाही. नारळ तिने माझ्या हातात दिला. "यो तू ने. तुजे घरा फोर. एक तू तरी घरची रायलीस."

मी तो घेतला. दादाने माझ्याकडे पाहिलं नाही. सदरा काढून त्याने बंडी घातली, टोपी चढवली आणि शेठ हाक मारत होते तिकडे गेला.

ही चौऱ्याण्णव सालची गोष्ट. त्याच आठवड्यात आई तिचं गाठोडं घेऊन माझ्याकडे कोपरला आली ती कायमची. पहिल्या नारळाचा मान आता बंदर व्हिलाचा आहे. दर वर्षी दोन वाजता, जेवणाआधी. कोळीवाड्यात निरोप तिथूनच जातो. आई आमच्या मजल्यावरच्या बायकांना सांगते की माझ्या पोराने घराचा मान विकला, मालन तेवढी घरची निघाली. मी आत चहा गाळत ते ऐकते. उत्तमला मी अजून काही सांगितलेलं नाही.

दादा दर रविवारी येतो. वर येत नाही. बिल्डिंगखाली समोरच्या टपरीपाशी उभा राहतो आणि आमच्या खिडकीकडे बघतो. आईला तो तिथे आलेला कसा कळतो देव जाणे, पण कळतो. खिडकीची कडी उंच आहे, तिचा हात पोचत नाही. मग ती मला हाक मारते, आणि मी जाऊन खिडकी लावते.